नव्या घरासाठी वॉशिंग मशीन आणि फ्रिज: दुकानात जाण्याआधी घर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या वाघोलीत टू बीएचके घेतला आहे, सर्वांत वरचा, अकरावा मजला. सोसायटी बोअर आणि टँकरवर चालते. घरात नवरा-बायको, आठ महिन्यांचं बाळ आणि वर्षातून दोनदा महिनाभर राहायला येणारे सासू-सासरे. दोन्ही वस्तूंना मिळून सत्तर हजार. मनात आहे ते आठ किलोचं फ्रंट लोड मशीन आणि साडेतीनशे लिटरचा डबल डोअर फ्रिज. कोणत्या कंपनीचं घ्यावं?

कंपनीचं नंतर बघू. घरोघरी जाऊन ही यंत्रं उघडायचा माझा धंदा आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा यंत्राच्या नसतातच. त्या नळाच्या असतात, प्लगच्या असतात, नाहीतर जागेच्या. तुमच्या प्रश्नात किलो आहेत, लिटर आहेत, बजेट आहे, पण नळाला पाणी कसं येतं ते नाही. म्हणून सुरुवात तिथून.

वरचा मजला म्हणजे डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर टाकी. टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात, असं लोकांना वाटतं. असतं उलटं. दाब उंचीवर ठरतो. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर वर असेल तेव्हा कुठे साधारण एक बार दाब मिळतो. तुमच्याकडे हे अंतर तीन-चार मीटर धरलं तर ०.३ ते ०.४ बार. फ्रंट लोडच्या पुस्तिकेत किमान दाब मॉडेलप्रमाणे ०.३ पासून १ बारपर्यंत लिहिलेला असतो, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. दाब कमी पडला म्हणून मशीन बिघडत नाही. ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही, एवढंच त्याला कळतं आणि ते थांबून एरर दाखवतं. मग तुम्ही कस्टमर केअरला फोन लावता, माणूस येतो, इनलेटची जाळी काढून धुतो, 'मॅडम, पाणी कमी आहे' म्हणतो आणि जातो. चौथ्या मजल्यावर तेच मॉडेल बिनतक्रार चालत असतं, त्यामुळे आपल्यालाच खराब पीस आला असं वाटत राहतं.

हे आधी तपासायला दहा लिटरची बादली पुरते. ड्राय बाल्कनीत मशीनसाठी काढलेला नळ पूर्ण सोडा, खाली बादली धरा, मोबाइलवर एक मिनिट लावा. आठ-दहा लिटर भरली तर फ्रंट लोड निर्धास्त घ्या. पाच-सहाच भरली तर अडचण येणार. हे सकाळी आठच्या सुमाराला करा, सगळी बिल्डिंग अंघोळीला लागलेली असते तेव्हा. दुपारी तीन वाजता कुठलाही नळ छान वाहतो. नव्या उंच इमारतींत वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी गच्चीवर बूस्टर पंप बसवलेला असतो. तो आहे का, आणि असला तर दिवसभर चालू ठेवतात की वीजबिल वाचवायला सकाळ-संध्याकाळच, हे सिक्युरिटीला विचारा. कमिटीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. बादली भरलीच नाही तर मशीनच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवता येतो. प्लंबरच्या मजुरीसह पाच-सहा हजार धरा आणि ते सत्तर हजारांतूनच वजा करा.

आता पाणी कसलं येतं ते. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, मुंबईत तानसा-भातसाचंही मऊ. बोअरचं तसं नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातून वर येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं आणि टँकर तरी कुठून भरतो? बहुतेक वेळा दुसऱ्याच्या विहिरीवरून किंवा बोअरवरून. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी सहज या दोहोंच्या मध्ये कुठेतरी निघतं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून लोक जास्त पावडर टाकतात. जास्तीची पावडर निघत नाही, म्हणून कपडे कडक होतात, काळे कपडे पांढुरके दिसतात आणि ड्रमच्या मागे राखाडी चिखल साठतो.

हा चिखल मी रोज बघतो. फ्रंट लोडचा स्टीलचा ड्रम मागून ज्या तीन पायांच्या सांगाड्यावर बसवलेला असतो त्याला आम्ही स्पायडर म्हणतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, पण स्पायडर असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याच्या कोपऱ्यांत साबण आणि क्षार साचून ओल राहिली की ॲल्युमिनियम पोखरत जातं. वरून काही दिसत नाही. काही वर्षांनी स्पिनच्या वेळी घरघर सुरू होते, मग आदळआपट, आणि उघडून बघावं तर स्पायडरचा एक पाय हाताने मोडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बाहेरचा टब कारखान्यातच कायमचा जोडलेला येतो, बोल्टवर उघडत नाही. मग तीन-चारशेचं बेअरिंग बदलायला अख्खी टब असेंब्ली घ्यावी लागते, आणि तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं की राहू दे, नवीनच घेतो. दुकानात विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा: टब उघडतो का? विक्रेत्याला बहुधा सांगता येणार नाही. तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला मॉडेलचं नाव सांगा, तो एका वाक्यात सांगेल.

टीडीएस मीटर मात्र यात फार उपयोगाचा नाही. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यातला कठीणपणा किती ते सांगत नाही. थेंब टाकून रंग बदलायचा हार्डनेस किट मिळतो, तो आणा. तेवढंही नको असेल तर शेजाऱ्यांच्या गीझरची कॉइल शेवटची कधी बदलली ते विचारा. वर्षाच्या आत असेल तर उत्तर मिळालं. सोसायटीत सॉफ्टनर प्लांट असेल तर त्यात मीठ नियमित पडतं का, हेही विचारून ठेवा, कारण मिठाशिवाय तो प्लांट म्हणजे नुसता पिंप. इन्स्टॉलेशनला येणारा माणूस नळाला लावायचं एक पारदर्शक कार्ट्रिज विकतो, आत पांढरे गोळे असतात. ते पाणी मऊ करत नाहीत, क्षार हीटरवर चिकटायला थोडा अटकाव करतात एवढंच, आणि काही महिन्यांनी गोळे बदलावे लागतात. तुमच्या पाण्यात लावा, पण चमत्काराची आशा नको. त्यापेक्षा महिना-दीड महिन्याने रिकाम्या ड्रममध्ये डिस्केलिंग पावडर टाकून गरम पाण्याचा एक फेरा चालवलात तर मशीन जास्त टिकेल.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल की मग टॉप लोडच घेऊ. घाई नको. टँकरच्या सोसायटीत पाणी मोजून येतं. फ्रंट लोड एका फेऱ्याला साधारण पन्नास ते सत्तर लिटर घेतं, टॉप लोड शंभराच्या पुढे. शिवाय बाळ आहे. लंगोट, दुपटी, झबली ६० अंशांच्या पाण्यात धुता येणं ही चैन नव्हे. फ्रंट लोडमध्ये हीटर असतोच, टॉप लोडमध्ये तो महागड्या मॉडेललाच मिळतो. ६० अंशांच्या फेऱ्याला एक युनिटच्या आसपास वीज जाते, थंड पाण्यात त्याच्या पावभागही नाही, तेव्हा रोजचे कपडे थंड पाण्यात आणि बाळाचेच गरम पाण्यात, असं ठेवा. बादली भरत असेल तर तुम्हाला फ्रंट लोड. पंप बसवायची तयारी किंवा परवानगी नसेल तर टॉप लोड, तेही विनासंकोच.

सेमी-ऑटोमॅटिकबद्दल कोणी विचारत नाही, कारण नव्या घरात ते कमीपणाचं वाटतं. मराठवाड्यातल्या ज्या गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथले लोक मला मशीन विचारतात तेव्हा मी दुसरं काही सांगतच नाही. बादलीने भरता येतं, पांढऱ्या कपड्यांचं पाणी पुढच्या घाण्याला वापरता येतं, आत पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, नाही, आणि गावातला माणूस दीड-दोन हजारांत काहीही दुरुस्त करून देतो. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या घरी असेल तर ते बदलायला लावू नका.

किलोचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. आठ किलो म्हणजे कोरडे कपडे आठ किलो, आणि तेही फक्त कॉटन प्रोग्रॅमला. सिंथेटिकला निम्मे, नाजूक कपड्यांना त्याहून कमी. पुस्तिकेत तक्ता असतो, तो विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर बघता येतो. एक शर्ट पाव किलो, जीन्स पाऊण किलोच्या आसपास, डबल बेडची सुती चादर पाऊण ते एक किलो. दोन माणसं आणि बाळ यांना सात किलो भरपूर आहे. आठ घ्यायचंच तर सासू-सासरे असतानाच्या चादरींसाठी. सोलापुरी चादर एकटीच किलोच्या वर भरते आणि भिजली की केवढी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. सात आणि आठमध्ये किमतीचा फरक दोन-तीन हजारच असेल तर घ्या आठ. गोधडी मात्र कशातच टाकू नका. आतले जुन्या लुगड्यांचे थर एका बाजूला गोळा होतात आणि स्पिनला मशीन भिंतीवर चढायला बघतं.

स्पिनचे फेरे, म्हणजे मिनिटाला १००० की १४००, यावर दुकानात फार वेळ घालवू नका. पुण्याच्या हवेत १००० ते १२०० पुरतात. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे जास्त फेऱ्यांचा खरा उपयोग आहे. वॉशर-ड्रायर एकत्र असलेलं मशीन दाखवतील. त्यात धुवायचे आठ किलो असले तरी सुकवता येतात पाचच्या आसपास, वेळ तीन-चार तास आणि वीज भरपूर. तुमच्या ड्राय बाल्कनीला ऊन येत असेल तर विषय सोडून द्या.

ड्राय बाल्कनी टेप घेऊन मोजा. फ्रंट लोड साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच. खोली ४५ पासून ६५ पर्यंत बदलते आणि त्यात मागच्या पाइपांचे पाच-सात सेंटिमीटर धरलेले नसतात. स्वयंपाकघरातून तिकडे जायचं दार बिल्डरने किती ठेवलंय तेही मोजा, चौकटीच्या आतून. टॉप लोडचं झाकण वर उघडतं. वर गॅस गीझर किंवा कपाट असेल तर ते अर्धंच उघडेल. प्लग १६ अँपियरचा हवा, हीटर दोन हजार वॉटच्या घरात जातो. पावसाची झड आत येते का बघा. वळवाच्या पहिल्या तडाख्यात मागचा पीसीबी भिजून मेल्याचे फोन दरवर्षी येतात. ग्रिलला बाहेरून पारदर्शक शीट लावून घ्या.

आणि खालून जाळी. फ्रंट लोडचा तळ बऱ्याच मॉडेलमध्ये उघडा असतो. उंदराला उबदार, अंधारी, सुरक्षित जागा आणि खायला वायर. वायरिंग हार्नेस कुरतडला तर ते वॉरंटीत बसत नाही. कंपनीचा तळाचा पत्रा मिळत असेल तर पहिल्याच दिवशी लावून घ्या. अकराव्या मजल्यावर उंदीर कुठून येणार, असं म्हणू नका. डक्टमधून येतो. पालीचं पण तसंच. पीसीबीवर पाल चिकटून मशीन शॉर्ट झाल्याचं सांगायलाही मी संकोचतो, पण ते होतं.

चाकांचं स्टँड इन्स्टॉलेशनवाला हजार-बाराशेला गळ्यात मारतो. आम्हा मेकॅनिक लोकांचं यावर एकमत आहे: फ्रंट लोडला चाकं नकोत. ड्राय बाल्कनीला उतार असतोच, मशीनच्या पायांना आटे असतात, ते फिरवून लेव्हल करा आणि वरचा नट घट्ट आवळा. तो नट सैल राहिला म्हणून हादरणारी मशीन जितकी आहेत तितकी दुसऱ्या कशाने नसतील.

फ्रिजकडे वळू. इथे गोष्टी सोप्या आहेत, म्हणून लोक जास्त पैसे घालवतात.

साडेतीनशे लिटर तुम्हाला नको. तीन माणसांना अडीचशे ते तीनशे लिटर पुरे होतात, पाहुणे धरूनसुद्धा. लेबलवर दोन आकडे असतील तर एकूण क्षमता सोडा आणि साठवणीची बघा. पण लिटरपेक्षा महत्त्वाचं आहे आतली उंची. घरातलं सगळ्यांत मोठं दुधाचं पातेलं, इडलीच्या पिठाचा डबा आणि विरजणाचं भांडं यांची मापं घेऊन शोरूममध्ये जा. खरं तर पातेलंच घेऊन जा, लाजायचं कारण नाही. फोटोत फ्रिजच्या कप्प्यांत दोन सफरचंदं आणि ज्यूसची बाटली असते. आपल्याकडे साय जमवायचं भांडं, अर्धा नारळ, कालची आमटी, भिजवलेली मटकी आणि बहिणीने दिलेलं लोणचं असतं. काचेचा कप्पा वर-खाली होतो की एकाच जागी पक्का आहे, अर्धा कप्पा सरकवता येतो का, दारातल्या कप्प्यात दोन लिटरची बाटली उभी राहते का, हे हाताने करून बघा.

तुमच्या सासू-सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर फ्रीझर खाली आणि फ्रिज वर असलेलं मॉडेल बघा. भाजीसाठी दिवसातून दहा वेळा वाकावं लागत नाही. महाग असतं, आणि बजेटमध्ये बसेलच असं नाही. कन्व्हर्टिबलचा, म्हणजे फ्रीझरचा फ्रिज करता येण्याचा, उपयोग शाकाहारी घराला खरोखर होतो. गणपतीत, दिवाळीत जागा मिळते. बांगडे-सुरमई आणून ठेवणाऱ्यांना, किंवा मेमध्ये आमरस आणि थंडीत मटार भरून ठेवणाऱ्यांना फ्रीझर फ्रीझरच लागतो, त्यांनी या बटणासाठी जास्त पैसे देऊ नयेत. वायफाय, दारावरचा पडदा, ९९ टक्के जंतू मारणारा दिवा, यांवर मी बोलत नाही.

डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री, हा प्रश्न तुमच्या मापात उरतच नाही, या आकाराचे डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीच येतात. त्यात पंख्याने थंड हवा खेळवतात आणि ठरावीक वेळाने छोटा हीटर बर्फ वितळवतो. म्हणून मागच्या हवेच्या झरोक्याला पातेलं टेकवून ठेवू नका. पातेल्यातलं गोठेल आणि खालच्या भाज्या गरम राहतील. सिंगल डोअरवाल्यांसाठी एकच सांगतो: फ्रीझरमधला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका. त्या पत्र्यातच गॅसची नळी असते, ॲल्युमिनियमची, आणि एका टोच्यात फुस्स होते.

गॅसवरून आठवलं. आताचे घरगुती फ्रिज बहुतेक आर-६०० ए या गॅसवर चालतात, तो आयसोब्युटेन आहे, सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊच. आत भरतात तो थोडासा, बहुधा शंभर ग्रॅमच्याही आत, त्यामुळे घाबरायचं काही नाही. पण दुरुस्तीला आलेला माणूस खोली बंद ठेवून लगेच वेल्डिंगचा टॉर्च पेटवायला लागला तर त्याला थांबवा. आणि फ्रिजच्या मागच्या पाटीवर आर-६०० ए लिहिलेलं असताना तो जुना आर-१३४ ए भरून देत असेल तर त्याला घरी पाठवा, कॉम्प्रेसर जाईल.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, घ्या. आता या मापात तोच मिळतो. आवाज कमी, वीज कमी, आणि घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर तो जुन्या कॉम्प्रेसरपेक्षा सुखाने चालतो. त्याचं दुखणं एकच, पीसीबी. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं दारावर छापलेलं असतं आणि व्होल्टेज कमी-जास्त होण्यापुरतं ते खरंही आहे. वीज कडाडताना येणारा झटका, किंवा न्यूट्रल तुटून घरात चारशे व्होल्ट घुसणं, हे त्या छापील पट्ट्यात येत नाही. वाघोलीसारख्या वाढत्या भागात खोदकामाने केबल तुटणं नेहमीचं, म्हणून मी स्टॅबिलायझर लावतो. हाय-लो कटऑफ असलेला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की वीज तोडणारा घ्या. त्याच्याही आधी अर्थिंग तपासून घ्या. नव्या इमारतीत सुद्धा प्लगला तिसरी वायर नुसती अडकवून ठेवलेली मी पाहिली आहे. इलेक्ट्रिशियन मीटर लावून पाच मिनिटांत सांगतो.

तारे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलवर ताऱ्यांपेक्षा मोठ्या अक्षरातला आकडा वाचा, वर्षाला किती युनिट. समजा तीन तारेवाल्याच्या आणि पाच तारेवाल्याच्या आकड्यात ६० युनिटांचा फरक आहे. वीजबिलातले सगळे आकार धरून युनिट दहा रुपये पकडा, वर्षाचे ६०० वाचले. पाच तारा सहा हजारांनी महाग असेल तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षं. दोन हजारांनी महाग असेल तर साडेतीन वर्षांच्या आत. प्रत्येक जोडीला हे गणित मांडा, उत्तर दर वेळी वेगळं येतं. लेबलवर कालावधीही छापलेला असतो. मानकं अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचा चार तारा नव्या लेबलवर तीन होऊ शकतो. स्टॉक क्लिअरन्समध्ये ते मुद्दाम बघा.

फ्रिजची जागा बिल्डरने ओट्याच्या शेजारी चौकोन सोडून ठरवलेली असेल. आताच्या फ्रिजचे कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या, बहुधा बाजूच्या पत्र्यांच्या आत असतात, म्हणून बाजू गरम लागतात. त्यात बिघाड नाही. पण दोन्ही बाजूंना आणि मागे पाच-पाच सेंटिमीटर तरी हवा खेळायला पाहिजे, वर त्याहून जास्त. शेगडीला चिकटून नको. आणि दार कुठल्या बाजूला उघडतं? भिंत त्याच बाजूला असेल तर दार नव्वद अंशच उघडेल आणि भाजीचा ड्रॉवर बाहेर येणार नाही. साइड-बाय-साइड घेणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं.

पैशांचं. सध्याच्या बाजारात सात-आठ किलोचं चांगलं फ्रंट लोड तीस ते छत्तीस हजार, अडीचशे-पावणेतीनशे लिटरचा फ्रॉस्ट फ्री पंचवीस ते तीस. स्टॅबिलायझर, तळाचा पत्रा, प्लंबर मिळून चार-पाच हजार. सत्तरात बसतं, पंप लागला तर जेमतेम. साडेतीनशे लिटर घेतला असता तर बसलं नसतं. दसरा-दिवाळीला भाव उतरतात हे खरं, पण त्याच आठवड्यात इन्स्टॉलेशनला माणूस मिळत नाही. 'जीएसटी कमी झाला, आत्ताच घ्या' असं कोणी म्हणालं तर, २०२५ च्या सप्टेंबरात २८ वरून १८ वर आले ते एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर. फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ च्या जुलैपासूनच १८ वर आहेत. नो कॉस्ट ईएमआय घेण्याआधी रोख दिले तर किती सूट, ते विचारा. बरेचदा व्याज तिथेच लपलेलं असतं.

'मोटरवर दहा वर्षं, कॉम्प्रेसरवर दहा वर्षं' या स्टिकरचा अर्थ तेवढा सुटा भाग. पीसीबी, गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा आकार हे पहिल्या एक-दोन वर्षांनंतर तुमचे. वाढीव वॉरंटी घ्यायचीच तर मशीनवर घ्या आणि कंपनीचीच घ्या, दुकानाच्या नावाची नको. फ्रिजवर मी घेत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, कंपनी कोणती. वाघोलीपासून तासाभरावर रांजणगाव एमआयडीसीत काही मोठ्या कंपन्यांचे फ्रिज तयार होतात, गोदरेजचे शिरवळला. माल सगळ्यांचा बरा आहे. सर्व्हिस मात्र नावावर चालत नाही, तुमच्या पिनकोडवर चालते. जी कंपनी कोथरूडमध्ये दुसऱ्या दिवशी माणूस पाठवते तीच वाघोलीत आठ दिवस लावू शकते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणती घेऊ' असं टाकू नका, प्रत्येक जण स्वतःची सांगेल. 'मागच्या वर्षभरात कोणाकडे दुरुस्तीला माणूस आला, किती दिवसांत, पार्ट मिळाला का' एवढं विचारा. मनात दोन मॉडेल पक्की झाली की त्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून दाराच्या गॅस्केटचा आणि पीसीबीचा भाव विचारा. जिथे लगेच आकडा सांगतात तिथे भाग मिळतात. जिथे 'आधी व्हिजिट बुक करा' म्हणतात तिथे काय ते समजा.

सामान येईल त्या दिवशी घरी थांबा. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा मॉडेल नंबर बिलाशी जुळवा, उघडताना व्हिडिओ काढा. फ्रिज टेम्पोत आडवा घालून आणला असेल तर उभा करून तीन-चार तास बंदच ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू दे. फ्रंट लोडच्या मागे प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट असतात, मॉडेलप्रमाणे तीन किंवा चार. ते काढल्याशिवाय कोणालाही मशीन चालू करू देऊ नका, अगदी 'फक्त बघतो' म्हणून सुद्धा. काढलेले बोल्ट पिशवीत घालून पुस्तिकेबरोबर ठेवा, पुढे घर बदलाल तेव्हा लागतील. बिलाचा आणि सीरियल नंबरच्या पाटीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये राहू दे. आणि वॉरंटीत असताना कोणी टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार मराठीतूनही करता येते.